ग्रँट किती होते?



शहापूर-मुरबाडच्या बाजूला कुणालाही थांबवून विचारा, 'ग्रँट म्हणजे काय हो?' शिक्षक असेल तर तो म्हणेल, 'वीस टक्के मिळाली, पुढची कधी मिळते ते बघतोय.' (हशा) ज्याच्या घरातलं आजारी माणूस कधी जे. जे.ला हलवावं लागलं असेल, त्याला 'ग्रँट मेडिकल कॉलेज' आठवेल. आसनगावहून रोज लोकलने जाणारा सांगेल, ग्रँट रोड, दादरला गाडी बदलायची. आणि इतिहासाचा विद्यार्थी असेल तर म्हणेल, ग्रँट डफ. शिवाजी महाराजांवर वाईट लिहिणारा इंग्रज.

उत्तरं चार आली. शब्द मात्र एकच. त्यातलं पहिलं उत्तर आधी बाजूला काढू. अनुदान या अर्थाचा 'ग्रँट' आणि आडनाव असलेला 'ग्रँट' यांचं उच्चारापलीकडे काही नातं नाही. आडनाव आलं फ्रेंच 'ग्रां'वरून, म्हणजे मोठा, थोर, उंच. आपण 'थोरले माधवराव' म्हणतो त्यातल्या 'थोरले'सारखं. अनुदानाचा ग्रँट वेगळ्याच मुळातून आला. वाटेत दोघांचा उच्चार एक झाला, इतकंच.

राहिली तीन उत्तरं. आणि त्यातल्या शेवटच्या उत्तरात एक छोटी चूक आहे. ग्रँट डफ इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते. तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? साहेब तो साहेबच. आजचं व्याख्यान याच 'काय फरक पडतो'बद्दल आहे. सूचीत, चरित्रकोशात 'ग्रँट आडनावाच्या प्रसिद्ध व्यक्ती' अशा नोंदी एकाखाली एक असतात. शोधायला त्या उपयोगाच्या असतात, आमची तक्रार नाही. पण आपल्या डोक्यातही अशीच एक सूची बसलेली असते, आणि ती शोधायला नव्हे, निकाल द्यायला वापरली जाते. आमची तक्रार तिच्याबद्दल आहे.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. या आडनावाशी आमची पहिली भेट इतिहासात झालीच नाही, ती झाली अ‍ॅरिस्टॉटलच्या पुस्तकात. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा मूळ ग्रीक पाठ, त्यावर निबंध आणि टीपा असा मोठा ग्रंथ १८५७ मध्ये काढला. आणि अ‍ॅरिस्टॉटलनेच आजच्या विषयाची किल्ली देऊन ठेवली आहे. त्याचा 'कॅटेगरीज' हा ग्रंथ सुरूच होतो या भेदापासून, की काही गोष्टींत फक्त नाव समान असतं, त्यांचं 'काय-पण' वेगळं असतं. आणि काहींत नाव आणि काय-पण दोन्ही समान असतं. आपल्या मीमांसकांनी, नैयायिकांनी हेच 'सैंधव' शब्दावरून शिकवलं. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. मालक जेवायला बसलेला असताना 'सैंधव आण' म्हणाला आणि नोकराने घोडा आणून उभा केला, तर चूक शब्दाची नाही, प्रसंग न बघणाऱ्याची आहे.

तर आपण प्रसंग बघू.

ग्रँट हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, स्पे नदीच्या खोऱ्यातल्या एका कुळाचं नाव. कुळ म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. तिथे मात्र कुळाच्या प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयाला आलेले लोकही त्याचं नाव लावत. म्हणजे दोन ग्रँट भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही. आणि भाऊबंद असले तरी एका बाजूचे असतील असंही नाही. १७४६ मध्ये कलोडनच्या मैदानावर स्कॉटलंडच्या पदच्युत राजघराण्याच्या बाजूचं बंड चिरडलं गेलं. तेव्हा स्पे खोऱ्यातल्या मुख्य ग्रँट घराण्याचा कल सरकारकडे होता आणि ग्लेनमॉरिस्टनचे ग्रँट बंडखोरांकडे होते. त्याच वर्षी चार्ल्स ग्रँट जन्मला. त्याचा बाप बंडखोरांकडून लढलेला. हा मुलगा पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि हिंदुस्थानात मिशनरी आले पाहिजेत, इंग्रजी शिक्षण आलं पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत पुढे होता. हरलेल्या बंडखोराचा मुलगा साम्राज्याचा कारभारी! आपल्याकडेही १८१८ नंतर पेशवाईतल्या किती कारकुनांच्या मुलांनी कंपनीच्या कचेऱ्या भरल्या, ते आठवा म्हणजे हे फार परकं वाटणार नाही.

चार्ल्सचा एक मुलगा रॉबर्ट. मुंबईचा गव्हर्नर, १८३५ ते १८३८. याच्याच नावाचं वैद्यकीय महाविद्यालय, याच्याच नावाचा रस्ता. मुंबईत वैद्यकीय शिक्षणाची संस्था हवी ही कल्पना त्याने लावून धरली. कॉलेज सुरू झालं १८४५ मध्ये. ते बघायला तो नव्हता, १८३८ च्या जुलैत पुण्याजवळ दापोडीला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आधीच्या आयुष्यातली एक गोष्ट मुंबईत फारशी कुणाला ठाऊक नसते. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ज्यूंना नागरी हक्क मिळावेत म्हणून १८३० मध्ये आणि पुन्हा १८३३ मध्ये विधेयक आणणारा माणूस हाच. खालच्या सभागृहात दुसऱ्या वेळी ते मंजूर झालं, उमरावांनी फेटाळलं.

या रस्त्यावर मुरबाडचा एक माणूस उभा आहे. जगन्नाथ शंकरशेट. जन्म मुरबाड, १८०३. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये जे नाट्यगृह उभं राहिलं ते नानांच्या जागेवर, आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मुंबईत खेळ केले ते याच नाट्यगृहात. आता नानांचं आडनाव काय? शंकरशेट? नाही. आडनाव मुरकुटे. शंकरशेट हे वडिलांचं नाव. मुंबईने बापाचं नावच आडनाव करून टाकलं. स्कॉटिश लोक 'मॅक' लावून हेच करतात, मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा पोरगा. सूची करणारा माणूस नानांना कुठे ठेवणार? 'म'मध्ये की 'श'मध्ये? गंमत म्हणजे ग्रँट रोड हा रस्ता आता मौलाना शौकतअली मार्ग झाला आहे, स्टेशन मात्र ग्रँट रोडच राहिलं. नावं अशी कुठेतरी चिकटतात आणि कुठून तरी सुटतात.

रॉबर्ट ग्रँटबद्दल आणखी एक सांगायला हवं, म्हणजे तो आपल्याला एकदम गोड वाटू नये. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज कंपनीविरुद्ध कट करतात, असा संशय घेऊन १८३६ मध्ये जो चौकशी आयोग नेमला गेला, तो याच्या कारकिर्दीत. त्याचं पर्यवसान महाराजांच्या पदच्युतीत झालं, १८३९ मध्ये. काशीत ते वारले. आणि याच प्रतापसिंहांना १८१८ मध्ये गादीवर बसवल्यावर साताऱ्यात त्यांच्या शेजारी राहून, हिशेबापासून न्यायापर्यंत राज्यकारभार शिकवून, १८२२ मध्ये तो त्यांच्या हाती सोपवणारा अधिकारीही ग्रँटच होता. कॅप्टन जेम्स ग्रँट. गादीवर बसवताना एक ग्रँट, उतरवण्याची सुरुवात करताना दुसरा ग्रँट. दोघांचं नातं? आडनाव. यावरून 'ग्रँटांनी सातारा बुडवला' असं वाक्य सहज तयार होतं, आणि आपल्याकडे व्याख्यानांत अशी वाक्यं टाळ्या घेतात. पण ते वाक्य म्हणजे जेवणाऱ्यापुढे आणून उभा केलेला घोडा आहे.

आणखी एक ग्रँट सांगतो आणि मग मुख्य माणसाकडे येतो. सर जॉन पीटर ग्रँट, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. १८२८ मध्ये पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. मुलगा आजोबांच्या ताब्यात होता, त्याला कोर्टापुढे हजर करा असा हुकूम निघाला. गव्हर्नर होते सर जॉन माल्कम, हेही स्कॉटिशच. माल्कमनी सांगितलं, पुण्यावर तुमच्या कोर्टाचा अधिकार चालत नाही. वाद इतका पेटला की १८२९ च्या एप्रिलमध्ये या न्यायाधीशाने सरळ कोर्टच बंद करून टाकलं. कंपनी सरकार आपला हुकूम मानत नसेल तर कोर्ट चालवायचं कशाला? पुढे लंडनला निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. त्यांचा हेतू शुद्ध होता की अहंकार होता, यावर वाद घालता येईल. पण 'साहेब सगळे एक' या समजुतीला हा माणूस फार अडचणीचा आहे.

आता जेम्स ग्रँट. जन्म १७८९, स्कॉटलंडमधलं बँफ. पोरवयात मुंबईच्या फौजेत भरती, पुढे पुण्याला एल्फिन्स्टनचा मदतनीस, मग सातारा. प्रकृती ढासळल्यावर मायदेशी परतला. १८२५ च्या सुमारास एक इस्टेट वारशाने मिळाली, त्यासोबत डफ हे नाव आलं. म्हणजे ज्या नावाने आपण त्याला ओळखतो, त्यातलं 'डफ' साताऱ्यात त्याच्याजवळ नव्हतंच. एल्फिन्स्टनवर त्याचा एवढा लोभ, की मुलाचं नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ ठेवलं. तो मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १८२६ मध्ये 'हिस्टरी ऑफ द मराठाज' तीन खंडांत निघालं. चारच वर्षांच्या आत-बाहेर कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचा मराठी अवतार केला आणि नाव दिलं 'मराठ्यांची बखर'. आमच्या पणजोबांच्या पिढीने शाळेत वाचली ती हीच बखर. स्वतःचा इतिहास शिकायला परक्याचं पुस्तक, आणि त्याला नाव घरचं.

हे पुस्तक आज कोण वाचतं? फार थोडे लोक. त्यातली दोन-तीन वाक्यं मात्र सगळ्यांना पाठ असतात, तीही दुसऱ्यांच्या पुस्तकांतून. अफजलखानाच्या भेटीत त्यांनी दग्याचा दोष महाराजांकडे दिला, हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी कागद जाळले, ही वदंताही आम्ही शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे. पण पुस्तक उघडून बघितलं तर पानोपानी तळटिपा दिसतात. पेशवे दप्तर, साताऱ्याच्या छत्रपतींकडचे कागद, विजापूरची हस्तलिखितं, गोव्याच्या पोर्तुगीजांचे आणि सुरत-मुंबईच्या वखारींचे दस्तऐवज, फार्सी तवारिखा, आणि जुन्या घराण्यांतल्या माणसांकडून ऐकलेल्या हकिकती. हे सगळं एकत्र करून कालक्रम लावण्याचं काम त्याआधी कुणी केलं नव्हतं. लिखाण कोरडं आहे, कंटाळवाणंही आहे. तो लष्करी माणूस, मोहिमा आणि तह यांच्यावर त्याचा जीव. ज्ञानेश्वर-तुकारामांचं या माणसांच्या जगण्यात काय स्थान होतं, हे त्याला दिसत नाही. दिसलं तरी इतिहास वाटत नाही.

आमच्या मते त्याची खरी चूक अफजलखानापाशी नाही. ती एका उपमेत आहे. मराठ्यांचा उदय कसा झाला हे सांगताना त्याला सह्याद्रीवरचं वाळलेलं गवत आठवतं. उन्हाळ्यात ते पेट घेतं आणि आग डोंगरभर धावते, तसा हा उठाव पसरला, असा त्याचा आशय. म्हणजे वणवा.

आता ही उपमा शहापूर-मुरबाडच्या माणसाने तपासायची. पुण्या-साताऱ्याच्या विद्वानांपेक्षा तुमचा अधिकार इथे मोठा आहे. फाल्गुन-चैत्रात माळशेजच्या बाजूला, माहुलीच्या उतारावर रात्री लाल रेघ धावताना तुम्ही पाहता. लांबून बघणाऱ्याला ती आपोआप लागल्यासारखी दिसते. पाड्यावरच्या माणसाला विचारा, आग आपोआप लागते का? तो सांगेल, कुणी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवला, कुणी नवं गवत फुटावं म्हणून काडी लावली, कुणाची विडी पडली. वणव्यामागे माणूस असतो आणि बहुतेक वेळा त्याचा हेतूही असतो. ग्रँट डफ लांबून बघत होता. गवताला इच्छा नसते आणि वाऱ्याला धोरण नसतं. त्याने उपमा अशी निवडली की प्रश्नच मिटला. कोणी पेटवलं, का पेटवलं, हे विचारायची गरजच उरली नाही. योग जुळून आले, मोगल-आदिलशाही भांडत होत्या, गवत वाळलेलं होतं.

याला उत्तर दिलं न्यायमूर्ती रानड्यांनी, १९०० मध्ये, 'राइज ऑफ द मराठा पॉवर' लिहून. त्यांनी ग्रँट डफचं नाव घेऊन मतभेद सांगितला. आणि प्रकरणांची नावं काय दिली बघा. जमीन कशी तयार झाली. बी कसं पेरलं गेलं. बी कसं तगलं. मग झाडाला मोहर, मग फळं. एकाने आग म्हटलं, दुसऱ्याने शेती. वाद मांडणाऱ्यांनी या दोन रूपकांची समोरासमोर गाठ घालून द्यायला हवी होती. ती फार कमी वेळा घालून दिली गेली, म्हणून जरा थांबतो.

शहरातल्या वाचकाला आग आणि शेती ही दोन टोकं वाटतात. पण भातशेती करणाऱ्याला तसं वाटणार नाही, कारण तो राब भाजतो. ऐनाचे टहाळ, शेण, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, राख जमिनीत जाते, आणि पहिल्या पावसाला त्याच भाजलेल्या तुकड्यात भाताचं बी पडतं. मग आवण, मग लावणी. इथे आग हीच जमिनीची तयारी. ग्रँट डफला आग दिसली ती खोटी नव्हती; सतराव्या शतकात दख्खन खरोखर भाजून निघत होतं, दुष्काळाने आणि फौजांनी. रानड्यांना जमीन तयार झालेली दिसली तीही खोटी नव्हती. संतांनी माणसांना माणसांजवळ आणलं, भाषा जोडली, हा त्यांचा मुद्दा मोलाचा आहे. पण दोघांनाही राब भाजणारा दिसला नाही. रानड्यांचं झाड इतकं सुरळीत वाढतं की कुणाच्या पाठीवर टहाळाचा भारा होता, हे विचारायचं राहून जातं. त्यांच्या कितीतरी आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला तो ही बाजू धरून. शेतकऱ्यांचा राजा. तो इतिहासग्रंथ नव्हता, पण जो प्रश्न दोन्ही ग्रंथांनी टाळला तो त्यात उभा होता.

आणि दोन्ही रूपकांत न बसणारी घटना तर शहापुरातच आहे. १६३६ साल, माहुलीचा किल्ला. आत शहाजीराजे, सोबत निजामशाहीचा बाल-वारस. बाहेर मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान. पुढे काय करायचं? शहाजीराजांनी ठरवलं. मुलगा मोगलांच्या हवाली केला, किल्ले दिले, आणि आदिलशाहीची चाकरी पत्करली. हा वणवा नाही, बीज-अंकुरही नाही. हा कोंडीत सापडलेल्या माणसाचा निर्णय आहे. यातून बाहेर पडताना त्याने काय वाचवलं आणि काय सोडलं, याचा हिशेब कुठलंही निसर्गाचं रूपक देऊ शकत नाही. ग्रँट डफच्या पुस्तकात हा वेढा आहे. म्हणजे घटना त्याच्याकडे होती, पण उपमेने तिला गिळलं.

आता रानड्यांच्या गोष्टीतला एक धागा मागे राहिला, तो उचलू. अ‍ॅरिस्टॉटलवाले सर अलेक्झांडर ग्रँट. जन्म न्यूयॉर्कचा, शिक्षण ऑक्सफर्डचं, घराणं स्कॉटिश आणि पैशाने खालावलेलं. १८६० मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक, १८६२ मध्ये प्राचार्य, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, मग एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली शिकले महादेव गोविंद रानडे. रानड्यांच्या चरित्रांत एक हकिकत येते. विद्यार्थी रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना केली, ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. ग्रँटसाहेबांनी समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. हेच चरित्रकार असंही सांगतात की रानड्यांच्या बुद्धीचं साहेबांना मोठं कौतुक होतं आणि त्यांची उत्तरपत्रिका नमुना म्हणून त्यांनी एडिंबरोला पाठवली होती.

सोपा अर्थ लावायचा तर, एका ग्रँटने मराठ्यांना वणवा म्हटलं, दुसऱ्या ग्रँटने त्यांची बाजू घेणाऱ्या पोराची शिष्यवृत्ती तोडली, आणि त्या पोराने म्हातारपणी पुस्तक लिहून दोघांचाही हिशेब चुकता केला. गोष्ट म्हणून झकास आहे! आम्हीही वर्गात ती अशी सांगायचा मोह टाळलेला नाही. (हशा) पण नाट्य बाजूला ठेवून बघा. अलेक्झांडर ग्रँटनी निबंध वाचून काय केलं? निबंधातलं विधान चूक आहे असं दाखवलं का? हकिकतीत तरी तसं नाही. सरकार तुला शिकवतं आणि तू सरकारविरुद्ध लिहितोस, हा त्यांचा मुद्दा. अ‍ॅरिस्टॉटलचा एवढा मोठा भाष्यकार, आणि विद्यार्थ्याच्या युक्तिवादाला उत्तर देताना युक्तिवाद सोडून लिहिणाऱ्याचं स्थान बघतो. इथे ते ग्रँट होते म्हणून चुकले नाहीत. ते तत्त्वज्ञानाचे शिक्षक असताना मुद्द्याऐवजी माणूस बघितला, म्हणून चुकले. रानड्यांनी मात्र १९०० मध्ये ग्रँट डफला उत्तर देताना 'तू परका, तुला काय कळणार' असं म्हटलं नाही. तुझं कारण अपुरं पडतं, हे बघ माझं कारण, असं म्हटलं.

आणि हे करणारे ते पहिलेही नव्हते. १८६० च्या दशकाच्या शेवटी, 'विविधज्ञानविस्तार' नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतल्या तरुणाने ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली. वय विशीतलं. मराठीतली ऐतिहासिक टीका खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते, असं आमचं मत आहे. त्याची पद्धत काय? हे साधन तुम्ही वापरलं, हे का वापरलं नाही? हे विधान कुठून आलं? पुढे १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत वाईला मिळालेल्या अस्सल पत्रांशी ताडून ग्रँट डफच्या तारखा आणि घटना तपासल्या. राजवाडे रागीट होते, शब्द तिखट होते. पण रागाच्या खाली पत्र असे, पत्राखाली तारीख असे. (जाता जाता, नीळकंठ कीर्तने आणि 'थोरले माधवराव पेशवे' नाटक लिहिणारे विनायक जनार्दन कीर्तने हे सख्खे भाऊ. म्हणजे कधीकधी आडनाव खरंच नातं सांगतं. नियम करू नका एवढंच.)

आता आपल्याकडे या. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न 'कुठले?', दुसरा 'आडनाव काय?' दुसऱ्या प्रश्नात तिसरा दडलेला असतो, तो कुणी उघड विचारत नाही. पण उत्तर काय मिळतं? धार-देवासचे संस्थानिक पवार, आणि या तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवरही पवार भेटतात. लखुजी जाधव सिंदखेडचे सरदार, खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे शेतकऱ्याचे पुत्र, आणि जाधव इथल्या वाड्यांवरही. ज्या आडनावावरून आपण माणसाचा ठाव घेऊ पाहतो, तेच आडनाव आपल्याला चकवतं. तरीही आपण ते विचारत राहतो, आणि आता पुस्तकांनाही विचारू लागलो आहोत. महाराष्ट्राच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक पुढे ठेवा. लेखक कोण? अमुक. मग त्याचं वाचायलाच नको. किंवा, मग ते बरोबरच असणार. पहिलं वाक्य म्हणणारा आणि दुसरं म्हणणारा एकमेकांचे शत्रू असतात, पण पुस्तक दोघांनीही उघडलेलं नसतं.

नाणेघाटाचा उल्लेख केल्याशिवाय मुरबाडच्या लोकांसमोरून उठता येत नाही. वैशाखऱ्यावरून चढून गेलं की माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती एका ओळीत कोरलेल्या होत्या. मूर्ती गेल्या. त्यांच्यावर कोरलेली नावं राहिली, राजा सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, काही कुमार, आणि एक 'महारठी'. दोन हजार वर्षं झाली, नाव आहे आणि माणूस नाही. त्या 'महारठी' शब्दावरून 'मराठा' काढण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. आवाज जुळतो, म्हणून अर्थही जुळला पाहिजे, अशी घाई त्यात आहे. व्युत्पत्तीचे पुरावे मांडावे लागतील, नुसता कान चालणार नाही. हा तोच सैंधवाचा घोळ, फक्त आपल्या अभिमानाचा असल्याने तो घोळ वाटत नाही.

ग्रँट डफचं पुस्तक जुनं झाल्यामुळे आज कुणालाही मोफत वाचता येतं. तीनही खंड वाचा असं आम्ही सांगणार नाही, तेवढा धीर आमच्यातही नाही. पहिल्या खंडातली शहाजीराजांची पानं तेवढी काढा, माहुलीच्या वेढ्यापर्यंतची. सोबत रानड्यांची पहिली तीन-चार प्रकरणं ठेवा. तळटिपा सोडू नका, विशेषतः जिथे ग्रँट डफ मराठी साधन आणि फार्सी साधन यांत फरक सांगतो तिथे. मग एखाद्या संध्याकाळी खाली उभं राहून माहुलीकडे बघा, आणि शहाजीराजांनी त्या दिवशी दुसरं काय करायला हवं होतं, यावर आपसात भांडा. भांडण चांगलं होईल.

शेवटची कसारा लोकल पकडणाऱ्यांची घाई आम्हाला दिसते आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी विचारावेत.